पाळणाघरातल्या बायांचा पगार

गुऱ्हाळावर मूल भाजतं ते बहुतेक दुपारी. सकाळी आई सावध असते. दुपारी तिचे हात चिपाडं पसरण्यात गुंतलेले असतात, डोळे मिटायला लागलेले असतात, आणि रांगणारं पोर गुळाच्या वासाकडे सरकत जातं. काहील म्हणजे रस आटवायची भलीमोठी कढई. ती फार उंचावर नसते आणि तिला कठडा नसतो. एवढं सांगितलं की आमचं पाळणाघर कशासाठी होतं ते वेगळं सांगायला नको.

यवत, भांडगाव, कासुर्डी या पट्ट्यात गुऱ्हाळं पुष्कळ. वीटभट्ट्याही आहेत. कामाला माणसं उत्तर प्रदेशातून येतात, बायकापोरांना घेऊन. त्यांची सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची पोरं दिवसभर सांभाळायची, हे आमचं काम. दौंडच्या एक बाई नर्स होत्या. नोकरी संपल्यावर त्यांनी ही संस्था काढली. संस्था म्हणजे पत्र्याची एक शेड, भाड्याच्या दोन खोल्या आणि आम्ही सात बाया. सातांत वयानं मी मोठी, म्हणून मला सगळे आक्का म्हणायचे. बावीस वर्षं मी तिथं होते.

पोरं सांभाळायला काय लागतं, असं लोक विचारतात. लोकांना वाटतं माया लागते. माया सगळ्यांकडे असते, तिचं काही विशेष नाही. नवीन पोर आलं की त्याला लगेच उचलायचं नाही. त्याच्याजवळ पाठ फिरवून बसायचं आणि आपलं काम करायचं, तांदूळ निवडायचे. तासाभरानं ते स्वतःच येऊन पदर ओढतं. झोळी बांधायची ती त्याच्या आईच्या न धुतलेल्या साडीची. धुतलेल्या साडीत पोर झोपत नाही. आईनं दिवसातून दोनदा पाजायला यायचं, हा नियम. ती आली नाही तर मी गुऱ्हाळावर जायची. गूळ पाडणारा मुख्य माणूस, त्याला गुळव्या म्हणतात, तो तिला सोडायचा नाही.

"मावशी, अभी नहीं. रस बिगड़ जाएगा," तो म्हणायचा.

"बिघडू दे. मी हितंच उभी ऱ्हाते. तुझ्या काहिलीत बघत."

काहिलीजवळ परकी बाई उभी राहिलेली त्याला चालत नसे, गूळ बिघडतो म्हणे. दोन मिनिटांत तो आईला सोडायचा. माझ्या नजरेनं कुणाचा गूळ बिघडला असेल तर ते मला माहीत नाही.

वर्षाच्या आतली पोरं कांताकडे असत. कांता भांडगावची. नवरा कंपनीचा टेम्पो चालवायचा, दोन पोरं शाळेत. ही बाई बोलायला कडू, पण तान्ह्या पोराचं रडणं ऐकून ती दुसऱ्या खोलीतून सांगायची, भूक हाय का पोट दुखतंय. एकदा एक पोर शांत पडलं होतं, आम्हाला वाटलं गुणाचं आहे. तिनं त्याच्या टाळूवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आक्का, ह्याचं पाणी कमी झालंय, दवाखान्यात न्या." डॉक्टरांनी दोन दिवस सलाईन लावली. ते पोर वाचलं. असली माणसं जाहिरात देऊन मिळत नाहीत.

आता आमची चूक सांगते. ती बाईंची एकटीची नव्हती, माझीही होती.

पाहुणे आले की बाई एक वाक्य ठरलेलं बोलायच्या. "इथं आलेला सगळा पैसा मुलांवर खर्च होतो. आमच्या भगिनी सेवा म्हणून करतात." पाहुण्यांना ते फार आवडायचं. दारावरच्या फलकावरही तसं रंगवलं होतं. मी चहा घेऊन जायची तेव्हा मलाही कुणी विचारायचं, आणि मी म्हणायची, "आमी काय पैशासाठी येतो व्हय!" पैशासाठीच येत होतो. माझ्या घरी तेव्हा दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. पण पगार हा शब्द काढला की पाहुण्याचा चेहरा उतरतो हे मी बघितलं होतं. म्हणून आम्ही त्याला मानधन म्हणायचो, तेही आपसांत.

ज्या कंपनीचा पैसा यायचा तिच्या कागदावर खेळण्यांचा रकाना होता, खाऊचा होता, भिंतीवर चित्रं काढायचा होता. बायांच्या पगाराचा नव्हता. आम्हीच सांगितलं होतं ना, की लागत नाही म्हणून. मग बाई आमचं मानधन स्वतःच्या पेन्शनमधून द्यायच्या, आणि काही देणगीदार कशासाठी ते न विचारता द्यायचे, त्यांच्या पैशातून द्यायच्या. मंगल नावाची एक बाई चांगली सहा वर्षं काम करून कांद्याच्या चाळीवर गेली, तिथं जास्त मिळत होतं. मी तिला यवतच्या बाजारात गाठून तोंडावर म्हटलं, "तुला पैशाची हाव सुटली." ती पिशवी उचलून गेली.

मग टाळेबंदी आली.

रानातला ऊस थांबत नाही, म्हणून निम्मी गुऱ्हाळं चालूच राहिली. उरलेल्यांची माणसं गाड्या नाहीत म्हणून अडकली. पोरं तिथंच. पाळणाघर उघडायला मात्र बंदी. आम्ही गुऱ्हाळाच्या मागे झाडाखाली चार-चार पोरं घेऊन बसू लागलो. ग्रामपंचायतीनं तेवढं चालवून घेतलं, आणि तान्ह्यांना उन्हात ठेवता येत नाही म्हणून त्यांची एक खोलीही.

पण तिथपर्यंत जायचं कसं? रस्त्यावर पोलीस. इथं पहिली मदत आली ती कासुर्डीच्या एका फूलवाल्या शेतकऱ्याकडून. त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांचा सगळा झेंडू रानात सडला होता. मंदिरं बंद, लग्नं बंद, फुलं घेणार कोण? ते गवार आणि टोमॅटो घेऊन आले आणि शेडसमोर क्रेट उतरवायला लागले. पंधरा झाले, वीस झाले.

मी म्हटलं, "मामा, पुरे. आता आठ दिस पोरं टमाट्याचं सारच पित्याल. त्यांची तोंडं बी लाल व्हतील."

"मग काय पायजे ते तरी सांगा की!"

"तुमचा टेम्पो पायजे."

त्यांच्या टेम्पोला भाजीपाल्याचा पास होता. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मामा दारात. मागे भाजीचे क्रेट आणि क्रेटांच्या मधोमध आम्ही बाया. पहिल्या दिवशी पोलिसानं अडवलं. "मामा, ही कंची भाजी?" मामा म्हणाले, "साहेब, जून झालीय, बाजारात जात न्हाई, पोरांना वाढायला नेतो." पोलीस हसला आणि त्यानं सोडलं. मी मामांना गुऱ्हाळ येईपर्यंत शिव्या घातल्या. जून म्हणाले म्हणून. पण त्या माणसाचं मला कौतुक आहे. स्वतःचं पीक मातीत गेलेलं असताना त्यांनी विचारलं, ऐकलं, आणि जे मागितलं ते दिलं. आपल्याकडे जास्त झालंय ते दुसऱ्याच्या दारात टाकण्याला आपण दान म्हणतो. मामांनी ते एकदाच केलं.

किटंही खूप आली. पीठ, तेल, डाळ, साबण. किट देणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. भुकेल्याला आधी अन्नच लागतं, आणि ती माणसं आजाराला न भिता पुण्याहून आली होती. फक्त सगळे तेच आणायचे. एका भट्टीवरच्या बाईकडे हळदीची सात पाकिटं जमली. तिनं मला विचारलं, "मावशी, किसी की शादी है क्या?" फोटोही काढायचे. एका पोराला पाकीट धरून हसायला सांगितलं, तर ते इतकं रडलं की पाहुणाच घाबरला. पण ते पाकीट उचलून घराघरात पोचवायचं कुणी, कुठल्या घरात तान्हं आहे हे सांगायचं कुणी, ते आम्ही. आणि आम्हाला कुणी विचारत नव्हतं. विचारतील कशाला? आम्ही तर सेवा म्हणून करत होतो.

त्यातच कंपनीचं पत्र आलं की यंदाचा सगळा निधी दवाखान्यांना देणार. तेही चूक नव्हतं. न विचारता देणारे जे देणगीदार होते त्यांचीच दुकानं बंद. बाईंच्या पेन्शनवर दोन खोल्यांचं भाडं आणि पोरांचं दूध भागत होतं. आम्हाला तीन महिने काही मिळालं नाही. सातांतल्या दोघी आधीच येईनाशा झाल्या. एका शुक्रवारी टेम्पोतून उतरताना कांता म्हणाली,

"आक्का, मला कुरकुंभला एका कंपनीत पॅकिंगचं काम लागलंय. सोमवारपास्नं जायाचं."

"आन् तुझी तान्ही?"

"माझी दोन घरी हायेत. त्यांचं बघू का न्हाई? ह्यांचा टेम्पो बंद हाय. तुमी सांगा, न जाऊ?"

बाजारात मंगलला जे बोलले ते पुन्हा बोलायला तोंड उघडेना. पण कांता गेली की तान्ही पोरं ठेवून घेता येणार नव्हती. आम्हा बाकीच्यांना ते जमत नव्हतं, आणि न जमणारं काम तान्ह्यावर करून बघायचं नसतं. ती अकरा पोरं परत काहिलीशेजारी जाणार, हे मला समोर दिसत होतं.

शनिवारी आप्पा आले. आप्पा शिरूरकडचे. घरची शेती आहे, पण त्यांनी एक वर्कशॉप काढलं होतं, मोठ्या कारखान्यांना सुटे भाग करून द्यायचे. लेथ मशीन, वीस-बावीस कामगार. वर्षापूर्वी त्यांनी आम्हाला हॉल बांधायला पैसे दिले होते, आईच्या नावानं. पाया खणून झाला आणि टाळेबंदी लागली. त्या खड्ड्यात तेव्हा पाणी साचलं होतं. बाईंना वाटलं, आप्पा बांधकाम का थांबलं म्हणून विचारायला आले. त्या आधीच माफी मागायला लागल्या.

"हॉलचं ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले. "तुमाला काय पायजे ते सांगा."

बाई म्हणाल्या, "तसं सगळं ठीक आहे, आप्पा. मुलांसाठी दूध पावडर मिळाली तर बरं होईल."

"आन् ह्या बाया? ह्यांचं कसं चाललंय?"

"त्यांचं काय, त्या सेवा म्हणून करतात."

मी चुलीजवळ होते. मी म्हटलं, "खोटं बोलू नका बाई."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सगळ्यांसमोर त्यांच्या कानाखाली मारली होती. इतक्या वर्षांत मी त्यांना उलट बोलले नव्हते. पण आता थांबणं शक्य नव्हतं. मी आप्पांना सांगितलं, "आमी पगारावर येतो. तीन महिनं झालं मिळाला न्हाई. बाईंच्याकडं न्हाई म्हणून मिळाला न्हाई, त्यांचा दोष न्हाई. दोघी गेल्या. ही कांता परवापास्नं चालली. ही गेली की तान्ह्यांची खोली बंद. पावडर आणली तर पाजायचं कुणी?"

आप्पांनी कांताला विचारलं, "किती वर्सं करतीस हे काम?"

"नऊ."

"हात बसायला किती लागली?"

"अजून बसतोय," कांता म्हणाली. तिला आप्पांशी बोलायची इच्छा नव्हती. तिचं ठरलं होतं.

आप्पा बाईंकडे वळले. "माझ्या बी मशिनी बंद हायेत. भावकी म्हणली, कामावरच्या पोरांना घरी बशीव, काम आलं की बोलीव. मी न्हाई ऐकलं. मशीन बंद ऱ्हायलं तर तेल घालून झाकून ठिवता येतं. माणूस ठिवता येत न्हाई, त्यो जातो. लेथवर हात बसलेला माणूस गेला की माझी तीन वर्सं गेली. तुमची तर नऊ चाललीत आन् तुमी मला दूध पावडर सांगता?"

बाई खाली बघत होत्या. आप्पांचा आवाज मोठा. आतली दोन पोरं उठून रडायला लागली. कांता आत गेली आणि एकाला काखेत घेऊन परत दारात उभी राहिली.

"हॉलचं पैसं बँकेत हायेत का न्हाई?"

"आहेत. एक रुपया हलवला नाही मी," बाई म्हणाल्या.

"त्यातनं ह्यांचा पगार द्या. मागचा बी आन् फुडचा बी."

"आप्पा, ते बांधकामासाठी दिलेत तुम्ही. पावतीवर तसं लिहिलंय. मला ते दुसरीकडे वापरता येत नाहीत."

हे मला तेव्हाच कळलं. तीन महिने बाई पेन्शनमधून दूध आणत होत्या, आम्हा बायांना तोंड चुकवत होत्या, आणि बँकेत पैसा पडून होता. त्यांनी त्याला हात लावला नव्हता. मला राग आला आणि त्यांच्याविषयी आदरही वाटला. दोन्ही एकदम वाटलं तर काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आप्पा म्हणाले, "मी दिलं, मीच बदलतो. कागद आणा."

"आणि आईंचं नाव? हॉलला त्यांचं नाव द्यायचं होतं ना?"

"माझी आय दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायाची आन् मला बांधावर पोत्यावर ठिवायची. एकदा मला इंगळी चावली. तवा तिला हॉल पायजे न्हवता, बाई. माझ्याजवळ बसाया कुणीतरी पायजे हुतं."

असल्या बोलण्यानं माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही. कांताच्याही आलं नाही. ती दारातून म्हणाली, "साहेब, एका महिन्याचं असंल तर आत्ताच सांगा. मी थांबणार न्हाई. कंपनीचं काम परत मिळायचं न्हाई मला."

बाई "कांता!" म्हणून ओरडल्या. आप्पांनी हात वर केला. "बरोबर बोलती ती. वरीसभराचं."

"लिवून द्या," कांता म्हणाली.

आप्पा हसले. माझ्या आठवणीत ते तिथं पहिल्यांदाच हसले. वहीच्या पानावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं की हॉलसाठी दिलेले पैसे संस्थेनं तिला गरज वाटेल तिथं वापरावेत, आणि वर्षभर बायांचा पगार आधी द्यावा. खाली सही केली. कांतानं ते पान दोनदा वाचलं, पोराला दुसऱ्या काखेत घेतलं आणि विचारलं, "सोमवारी टेम्पो किती वाजता?"

आप्पा देव नव्हते, हेही सांगते. महिन्यातून एकदा यायचे आणि न मागता सल्ले द्यायचे. पाळण्यांना बेअरिंग बसवा, म्हणजे झोका आपोआप लांब जाईल. मी म्हटलं, पोर बी लांब जाईल. तंबाखू खायचे, कुंपणाशी थुंकायचे, त्यावरून आमचं भांडण व्हायचं. पण त्यांनी एकदाही आमच्याकडे फोटो मागितला नाही. येऊन पोरांत बसायचे, कोण नवीन, कोण आजारी ते विचारायचे, तेवढंच. आणि त्यांनी शिरूरच्या आणखी तिघा वर्कशॉपवाल्यांना आमच्याकडे आणलं. त्यातल्या एकानं विचारलं, खेळणी आणू का? आप्पा म्हणाले, "खेळणी माझ्या घरी बी हायेत. पगार दे." पुढं दुसरी लाट आली तेव्हा पुन्हा सगळं बंद झालं, पण आम्ही पाचही जणी होतो. गेलेल्या दोघींतली एक परत आली.

त्यातून मी हे शिकले. अडचणीच्या वेळी संस्थेला मदत करायची तर आधी जाऊन बसावं, आणि चहा देणाऱ्या बाईला विचारावं. पूर्वी दिलेल्या पैशाला जी अट घातली असेल ती सोडावी. नवीन काही सुरू करा म्हणू नये, चालू आहे ते चालू ठेवायला द्यावं. आणि उशीर करू नये. आप्पा सोमवारी आले असते तर त्यांच्या सगळ्या चांगुलपणाचा आम्हाला काही उपयोग नव्हता.

बाई माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी रंगाचा डबा घेऊन आल्या आणि फलकावरची ती ओळ पुसायला मलाच सांगितलं. मी म्हटलं, "माझ्या हातानं?" त्या म्हणाल्या, "तूही तेच बोलत होतीस, आक्का." ते खरं होतं. मी पुसली. मग एके दिवशी यवतच्या बाजारात मंगल दिसली. मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, मी तुला बोलले ते चुकलं. ती वांगी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्ता कळलं व्हय?" आणि वांगी निवडत राहिली. तिनं मला माफ केलं का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या लाटेनंतर गाड्या सुरू झाल्या, तशी गावी गेलेली माणसं परत यायला लागली. दौंडला गाडीतून उतरायची, तिथून टेम्पोनं गुऱ्हाळांवर. एका सकाळी मी फाटकाशी झाडत होते. एक बाई आली, डोक्यावर गाठोडं, काखेत सात-आठ महिन्यांचं पोर. मी तिला ओळखलं नाही. ती गावाकडून पहिल्यांदाच येत होती. तिच्या जावेचं मूल आमच्याकडे होतं, टाळेबंदीच्या साली. जावेनं तिला एवढंच सांगून पाठवलं होतं.

तिनं मला विचारलं, "कांता दीदी है ना?"

"हाय," मी म्हटलं आणि हाक मारली.

कांता ओले हात पदराला पुसत बाहेर आली. त्या बाईनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पोर तिच्या हातात दिलं, गाठोडं सारखं केलं आणि गुऱ्हाळाच्या रस्त्याला लागली. एकदाही मागे वळून बघितलं नाही.